ताईला आवडलेला भाग

बसमध्ये, रांगेत, बँकेच्या काउंटरवर, समोरचा माणूस हसला की ताईची नजर आधी त्याच्या दातांवर जायची. दात खरे की बसवलेले, बसवलेले असतील तर बसवणाऱ्याने मन लावून केलंय की उरकलंय, हे तिला एका हसण्यात कळायचं. सोनाराची नजर कानाकडे, शिंप्याची खांद्याकडे, तशी कवळ्या करणाऱ्या बाईची नजर तोंडाकडे. नवरा म्हणायचा, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा हिने माझा चेहरा बघितलाच नाही. दाढा मोजल्या आणि हो म्हणाली."

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. लॅब म्हणजे एका दवाखान्याच्या मागची लांबट खोली. खिडकीखाली टेबलं, टेबलांवर प्लास्टरचे जबडे, एका कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र आणि सगळीकडे पांढरी धूळ. डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. त्यावरून जबडा ओतायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी. ताईच्या केसांत दिवसभर एवढी धूळ बसायची, की पिकलेले केस कुठले आणि प्लास्टर कुठलं हे संध्याकाळी डोकं धुतल्यावरच कळायचं.

सगळे दात मोत्यांसारखे एका ओळीत बसवणं तसं सोपं. ताईला ते जमायचं, पण सहन व्हायचं नाही. कुठे तरी एखादा दात केसभर पुढे, एखादा जरा झिजलेला, एखादा शेजाऱ्याला किंचित टेकलेला असं केल्याशिवाय तिच्या हातून कवळी सुटायची नाही. लॅबचे मालक सुरुवातीला कुरकुरले. पुढे गिऱ्हाइकंच "त्या बाईंच्या हातची द्या" म्हणायला लागली, तेव्हा ते गप्प बसले.

तिच्या आईचा पुढचा एक दात जन्मभर थोडा वळलेला होता. आईचे दात गेले तेव्हा कवळी ताईनेच केली, आणि तो दात मुद्दाम तसाच वळवून बसवला. आई आरशात बघून म्हणाली, "अगं, आता तरी सरळ करायचास. पुन्हा वाकडाच?" आणि ते म्हणताना हसली. तेव्हा मधला भाऊ म्हणाला, "आली बघा आई परत." घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की तीसुद्धा थोडी झिजून नीट बसली होती.

मधल्याला घरात इंजिन म्हणत, धाकट्याला सायलेन्सर. बाबांचं गॅरेज होतं, त्यामुळे नावं तिथूनच यायची. इंजिन जन्मल्यापासून आवाज करत होता आणि अजून करत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि म्हणे लिफ्टशीही बोलायचा. सायलेन्सरचं गाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक गादीवर आडवं पडून बघायचं, हा शेजारी उभा राहायचा, काही बोलायचा नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं काय सज्जन माणूस आहे, आणि गादी विकली जायची.

या तिघांना बाबांनी लहानपणी एक पिक्चर दाखवला होता. एक यान आपल्या ग्रहापासून भरकटतं आणि परत घरी जायला निघतं, एवढीच गोष्ट. पिक्चरचं खरं नाव लांबलचक होतं. घरात त्याला नुसतं "यान" म्हणत. दर काही वर्षांनी पुढचा भाग यायचा, यान घराच्या थोडं जवळ सरकायचं, आणि ऐन वेळी काहीतरी बिघडायचं. यानावर एक जुनाट यंत्रमानव होता. गालाला पोचा, एक डोळा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा, आणि बोलायच्या आधी घशात वाळू अडकल्यासारखा खाकरायचा. त्याला मुलांनी नाव ठेवलं खोकला. बाबांचा त्याच्यावर भारी जीव. "हा आपल्यातला आहे," म्हणायचे. "याला माझ्याकडे आणा, संध्याकाळपर्यंत देतो." मग स्वतःच खाकरायचे आणि त्याच्या आवाजात मीठ मागायचे.

बाबांनी एक नियम घालून दिला होता. पिक्चर सुटल्यावर वाटेत त्यावर अक्षर काढायचं नाही. घरी यायचं, चहा ठेवायचा, आणि चहा हातात आला की निकाल द्यायचा, तोही लहानापासून मोठ्यापर्यंत. नाहीतर मोठे बोलतात तेच धाकटे गिरवतात, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे सायलेन्सरला सगळ्यात आधी बोलावं लागायचं आणि तो एका शब्दात सुटका करून घ्यायचा. मग इंजिन. ताई शेवटी. बाबा गेल्यावर शेवटचा शब्द तिचाच झाला, आणि तो कडक असायचा. एका भागानंतर ती एवढंच म्हणाली होती, "पिक्चर करणारा झोपेत होता." दुसऱ्याबद्दल म्हणाली होती, "अर्धी कवळी. वरची चांगली, खालची दिलीच नाही." तिला पूर्ण आवडलेला भाग पहिलाच. तोही ती लहान होती म्हणून, असं इंजिन म्हणायचा.

आई गेली त्यानंतर एक भाग आला होता आणि तिघे तो बघायलाही गेले होते. पण त्याआधीच दोघा भावांमधलं बोलणं बंद पडलं होतं. आई पडली, तिचं ऑपरेशन करायचं ठरलं. इंजिन कामावर होता, "मी येईपर्यंत थांबा" असा त्याने निरोप दिला होता. सायलेन्सर थांबला नाही, त्याने सही केली. आई शुद्धीवर आलीच नाही. दवाखान्याच्या बोळात इंजिन धाकट्याला म्हणाला, "तू घाई केलीस." एवढंच. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. इंजिनाचा आवाज बंद झाला, सायलेन्सरचा तर नव्हताच. त्या दिवसापासून दोघांमध्ये काही सांगायचं असलं तर ते ताईमार्फत जायचं, आणि ताई ते जरा धुऊन, इस्त्री करून पुढे पोचवायची. दोघं एका खोलीत येत ते फक्त यानासाठी. ते मात्र दोघांनी चुकवलं नाही. तो बाबांचा नियम होता.

आणि आता पोस्टर लागलं. लॅबमधून परत येताना, बसथांब्याच्या मागे. यान, तारे, आणि खाली मोठ्या अक्षरांत: अंतिम भाग.

ताई तिथेच उभी राहिली. बस आली आणि गेली.

"अंतिम म्हणजे खरंच अंतिम असतं का हो?" घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं.

"दुकानांतल्या सेलचे शेवटचे दिवस वर्षभर चालतात," नवरा म्हणाला. तो यान बघत नसे. चहाचं खातं तेवढं त्याच्याकडे होतं. "चालला तर अजून काढतील. पडला तर खरंच अंतिम."

तेव्हापासून ताईच्या मनाने घेतलं, की हा भाग चांगला निघायला हवा. मेणात दात बसवताना तिच्या डोक्यात तेच. पिक्चर चालला तर पुढचा येईल, आणि तो आला तर दोघं पुन्हा तिच्या घरी येतील, एका टेबलाशी बसतील. पडला, तर मग कशासाठी येतील? ती बोलावेल. एक म्हणेल काम आहे, दुसरा काहीच म्हणणार नाही.

रविवारी दुपारच्या खेळाला तिघे गेले. नेहमीप्रमाणे ताई मध्ये. उजव्या हाताला इंजिन पॉपकॉर्न खात होता, डावीकडे सायलेन्सर पाण्याची बाटली मांडीवर धरून बसला होता.

पिक्चर वाईट होता. नुसता फसला असता तरी चाललं असतं, हा गुळगुळीत वाईट होता. मागच्या भागात मेलेला खलनायक "मी मेलोच नव्हतो" म्हणत परत आला, आणि का मेला नव्हता हे कुणी विचारलं नाही. यान अर्ध्यातच घरी पोचलं, आणि तिथे कळलं की एवढी वर्षं चाललेला सगळा प्रवास म्हणजे यंत्राला पडलेलं स्वप्न होतं. आणि खोकला. खोकल्याला दुरुस्त केलं होतं. गालाचा पोचा काढलेला, दोन्ही डोळे एकाच मापाचे, अंग आरशासारखं चकचकीत. तो बोलायला लागला तेव्हा ताईने श्वास रोखला. तो खाकरलाच नाही. बातम्या देणाऱ्यासारखा स्वच्छ बोलला.

शेजारी इंजिनाचं पॉपकॉर्न थांबलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

वाटेत नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. तशीही दोघांना सवय होती.

घरी चहा आला. "भरलं का तुमचं न्यायालय?" म्हणत नवऱ्याने टोस्टची बशी मध्ये ठेवली आणि तो खिडकीशी जाऊन बसला.

सायलेन्सर कपात बघत म्हणाला, "बेकार."

"बेकार?" इंजिन ताईकडे तोंड करून म्हणाला, कारण तो धाकट्याशी बोलत नसे. "ताई, त्याला सांग बेकारालासुद्धा काहीतरी येत असतं. खोकल्याचं काय केलं बघितलंस? नवी मोटर घातली, पत्रा बदलला, रंग मारला. लिफ्टचं असं करतात बिल्डर लोक. मग लोक येतात, म्हणतात, जुनी बरी होती, निदान कुठे अडकणार ते माहीत होतं. आणि स्वप्न? आपण एवढी वर्षं तिकिटं काढली ती स्वप्नाची?" त्याने कप एका घोटात संपवला आणि किल्ल्या उचलल्या. "जाऊ दे. संपलं एकदाचं. सुटलो."

सायलेन्सर आधीच दाराशी बूट घालत होता.

ताईचा निकाल अजून बाकी होता. तिच्या निकालासाठी कुणी थांबलं नाही असं आजवर झालं नव्हतं. तिने कप खाली ठेवला.

"मला आवडला," ती म्हणाली.

बुटाची नाडी अर्ध्यात राहिली.

"काय?" इंजिन म्हणाला.

"आवडला. छान होता. खोकलाही किती स्वच्छ दिसत होता." आपलाच आवाज तिला दुसऱ्याची कवळी घातल्यासारखा वाटला. "मला तर पुन्हा बघावासा वाटतोय. येता का पुढच्या रविवारी? तिघे जाऊ."

दोघे भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इंजिन काही न बोलता निघून गेला, ही घटना तशी दुर्मीळच. मागोमाग सायलेन्सर.

दार लागल्यावर नवरा खिडकीशी बसल्याबसल्या म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे ना?"

"गप्प बसा," ताई म्हणाली. दोघांनीही येतो म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सायलेन्सरचा फोन आला. तो स्वतःहून कधी फोन करत नसे.

"ताई, माझ्या दुकानाशेजारी कसलं दुकान आहे?"

"चष्म्याचं. का रे?"

"काही नाही." आणि ठेवला.

दुपारी इंजिन. "ताई, आईच्या कवळीत वाकडा दात डावीकडचा की उजवीकडचा?"

"उजवीकडचा. माझ्या हातचा आहे तो. झालंय काय तुम्हाला?"

"सहज विचारलं. जेवलीस का? काय जेवलीस?"

तिने सांगितलं. पलीकडे तो कुणाला तरी म्हणाला, "बरोबर सांगतेय," आणि फोन बंद झाला. कुणाला म्हणाला, ते ताईच्या लक्षात आलं नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी ती वरच्या जबड्याचं मेण कोरत बसली होती, तेव्हा लॅबच्या दारात इंजिनाची गाडी येऊन थांबली. मागे अवजारं खडखडली. चालकाच्या बाजूने इंजिन उतरला. दुसऱ्या बाजूने सायलेन्सर उतरला.

ताईच्या हातातली कोरणी मेणात रुतली. दोघे एका गाडीतून आले होते.

"चल," इंजिन म्हणाला. "मालकांना सांगितलंय. डॉक्टरची वेळ घेतलीये."

"कुणाला काय झालं?"

"तुला."

गाडीत पुढच्या एकाच सीटवर तिघे दाटीवाटीने बसले, ताई मध्ये. इंजिनाने समोर बघतच सांगून टाकलं. "ज्या बाईने आईच्या कवळीत मुद्दाम वाकडा दात बसवला, तिला तो पॉलिश केलेला खोकला आवडतो? मी रात्रभर विचार केला. मग याला फोन केला. हा म्हणाला, मीही तोच विचार करतोय."

"पण मी सगळं बरोबर सांगितलं की तुम्हाला. दुकान, दात."

"जुनं आठवतंच सुरुवातीला," इंजिन म्हणाला. "मी ज्या इमारतीची लिफ्ट बघतो तिथल्या एका आजीबाईंचं असंच झालं. आधी आवडीनिवडी बदलल्या. मग एक दिवस स्वतःच्या मजल्यावर उतरल्याच नाहीत."

ताईला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर गाडी इथेच वळली असती, एकाला दुकानाशी सोडलं असतं, दुसरा कामावर गेला असता. डाव्या खांद्याला एक खांदा लागत होता, उजव्या खांद्याला दुसरा. ती गप्प बसली.

आईला नेलं होतं त्याच दवाखान्यात तिला पडद्याआड खाटेवर बसवलं आणि नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला. पडद्याच्या पलीकडे बाकावर दोघं बसले. पडद्याखालून त्यांचे बूट दिसत होते.

नर्सने पट्ट्यात हवा भरायला सुरुवात केली. मग सायलेन्सरचा आवाज आला.

"बाक तसाच आहे."

"कसला?"

"त्या दिवसासारखा."

बूट हलले. इंजिन म्हणाला, "मी मुद्दाम उशीर केला नव्हता. लिफ्ट मध्येच अडकली होती. आत बाया होत्या. एक पोटुशी. ती घाबरून ओरडत होती, मला हातातलं काम सोडता येईना."

"मग सांगितलं का नाहीस, दादा?"

"तू विचारलं का नाहीस?"

"हात सैल सोडा," नर्स ताईला म्हणाली. "मूठ कशाला वळताय?"

पलीकडे एक बूट दुसऱ्यावर घासला. मग धाकटा हळू बोलला, इतकं हळू की ताईला पुढे वाकावं लागलं. "आईच म्हणाली होती. सही करून टाक, म्हणाली, फार दुखतंय. दादा यायचाय म्हटलं मी. तर म्हणाली, तो आला की बोलत बसेल."

इंजिनाच्या नाकातून एक आवाज आला. हसल्याचा की कसला, ते बुटांवरून कळेना.

"प्रेशर थोडं वाढलंय," नर्स म्हणाली.

डॉक्टर आल्या. तरुण होत्या, आणि दातांवर कुणीतरी मन लावून काम केलं होतं. आज वार कोणता, इथे कशाने आलात, शंभरातून सात वजा करत जा. ताईने सगळं नीट सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता अलीकडे बघितलेल्या एखाद्या पिक्चरची गोष्ट सांगा. आठवेल तेवढी."

आता ताईचं खरं दुखणं उघडं पडायचं होतं. आठवडाभर दाबून ठेवलेला निकाल तिच्या तोंडून बाहेर पडला.

"गोष्ट?" ती म्हणाली. "गोष्ट असायला हवी ना. मेलेला माणूस जिवंत होतो, का होतो ते सांगत नाहीत. घरी पोचायला यानाने जन्म घालवला आणि घर आलं तर दारात साधं कुणी उभं नाही. वर म्हणे स्वप्न होतं. स्वप्न काय, डोकं चालेनासं झालं की कुणीही म्हणतं स्वप्न होतं. आणि तो यंत्रमानव. चांगला पोचा आलेला, खाकरून बोलणारा. त्याच्याकडे बघून कळायचं की हा एवढ्या लांबून आलाय. त्याला घासूनपुसून भांड्यासारखा केला. मी लोकांचे दात करते, डॉक्टर. सगळं सारखं केलं की तोंड भरतं, माणूस जातो. ज्याने हे केलं त्याला मी माझ्या टेबलावर मेणसुद्धा वितळवू देणार नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "स्मरणशक्ती उत्तम आहे तुमची," त्या म्हणाल्या. मग जरा बिचकत म्हणाल्या, "मला आवडला होता तो."

पडद्याबाहेर चारही बूट पडद्याकडे वळले होते.

ताई बाहेर आली तेव्हा दोघे उभे होते.

"म्हणजे नाही आवडला," इंजिन म्हणाला.

"नाही."

"मग त्या दिवशी काय सांगत होतीस? आठवडाभर माझी झोप उडवलीस. याने दुकान बंद ठेवलंय आज."

ताईने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "अंतिम भाग आहे," ती म्हणाली. "तू म्हणालास सुटलो. मग पुढे तुम्ही दोघं माझ्याकडे कशासाठी येणार होता?"

एक वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आला, तिघे भिंतीला टेकून उभे राहिले, गाडी गेली.

"दादा," सायलेन्सर म्हणाला, "भाऊजींना फोन कर. चहा ठेवायला सांग."

परतीच्या वाटेवर तिघे पुन्हा त्या एकाच सीटवर बसले. एकदा सिग्नलला इंजिनाने तोंड उघडलं, "एक सांगू का, तो खलनायक," आणि धाकटा लगेच म्हणाला, "वाटेत नाही." इंजिनाने तोंड मिटलं आणि गाडी पुढे काढली.

नवऱ्याने दार उघडलं. "काय निघालं?"

"पिक्चर वाईट निघाला," ताई म्हणाली.

"ते मला रविवारीच कळलं होतं," म्हणत तो कप आणायला आत गेला.

टेबलाशी तिघे आपापल्या जागी बसले. कप आले. ताईने सवयीने धाकट्याकडे पाहिलं, तो एक शब्द टाकेल आणि सुटेल म्हणून. त्याने कप बशीत गोल फिरवला, चहा घेतला नाही.

"पहिली गोष्ट," सायलेन्सर म्हणाला.

"तुझ्याकडे दुसरीपण आहे?" इंजिनाने त्यालाच विचारलं.

"मध्ये बोलू नको. नियम आहे," सायलेन्सर म्हणाला. मग त्याने घसा खाकरला, मुद्दाम, खरखरीत, थेट बाबांसारखा, आणि बोलायला लागला.